चौथ्या गोळीआधी

उच्च रक्तदाबाच्या शंभर रुग्णांतल्या नव्वदेक जणांना तो नेमका कशामुळे झाला, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. वय, आईवडिलांकडून आलेला वारसा, मीठ, वजन, दारू, बैठं काम अशा दहा गोष्टींचा मिळून तो परिणाम असतो. उरलेल्या दहाएक जणांत मात्र शरीरात कुठेतरी एक ठरावीक बिघाड असतो: मूत्रपिंडात, एखाद्या रोहिणीत, एखाद्या ग्रंथीत. कधी तो बाहेरून येतो, औषधाच्या पुडीतून. अशा रक्तदाबाला दुय्यम रक्तदाब म्हणतात. मूळ दुखणं वेगळं असतं आणि रक्तदाब त्याच्यामागून येतो.

दहा टक्के हा आकडा सगळ्या रुग्णांचा झाला. ज्यांचं बीपी गोळ्यांना दादच देत नाही, त्यांच्यात हे प्रमाण बरंच वाढतं. तीन वेगवेगळ्या प्रकारची औषधं, त्यांपैकी एक लघवी वाढवणारं, पूर्ण मात्रेत चालू असूनही बीपी आटोक्यात येत नसेल, किंवा आटोक्यात ठेवायला चार औषधं लागत असतील, तर त्याला औषधांना न जुमानणारा रक्तदाब म्हणायचं, अशी व्याख्या आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत साधारणपणे अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही तीन नावं ऐकू येतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, मग तो इतरत्र पसरला. या उपक्रमाचं मोठं काम म्हणजे कोणत्या पायरीवर कोणती गोळी द्यायची हे ठरवून टाकणं. त्यामुळे लहानशा उपकेंद्रातूनही नीट उपचार सुरू होऊ शकले. पण पायऱ्या चढून वर पोचल्यावरही आकडा १७० च्या खाली येत नसेल तर काय करायचं? बहुतेकदा चौथी गोळी लिहिली जाते. या प्रकरणाचा मुद्दा एवढाच आहे, की ती लिहिण्याआधी थांबून कारण विचारावं. आणि त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी मोठ्या शहरात नव्हे, हरसूलसारख्या गावातही हाताशी असतात.

हरसूल नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. डोंगराळ, धो धो पावसाचा, भात-नागली-वरईचा हा आदिवासी मुलूख. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. हृदय-मूत्रपिंडाच्या मोठ्या उपचारांसाठी मात्र घाट ओलांडून नाशिकला, जिल्हा रुग्णालयात किंवा विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात जावं लागतं. एका फेरीत अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणूनच कोणाला पाठवायचं आणि कोणाला नाही, याचा निवाडा इथे शहरापेक्षा जास्त काळजीने करावा लागतो. पुण्या-मुंबईत शंका आली की सरळ सीटी स्कॅन होतो. तिथे हात आणि कान वापरायची सवय मोडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळली तर पुढचं सगळं फुकट जातं: बीपी खरंच तेवढं आहे का? पाड्यावरून चढ चढून आलेली बाई, ओपीडीच्या रांगेत तासभर उभी, तोंडात मिश्री, लघवी दाबून धरलेली, आणि खुर्चीत बसताक्षणी दंडाला पट्टा. अशा वेळी आलेला आकडा तिच्या रक्तदाबाचा नसतो, त्या सकाळच्या धावपळीचा असतो. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीला ठेवून, न बोलता मोजायचं, आणि एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. नुसत्या गप्पा मारत मोजलं तरी वरचा आकडा दहाएक मिलिमीटरने वर जाऊ शकतो. तंबाखू आणि चहा झाल्यावर अर्धा तास थांबायचं.

पट्ट्याचं प्रकरण आणखी वेगळं आहे. सगळी पुस्तकं बजावतात, की जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं. शहरासाठी ते बरोबर. हरसूलकडच्या कष्टकरी बायकांचे दंड मात्र सडसडीत असतात. बारीक दंडाला मोठ्यांचा नेहमीचा पट्टा गुंडाळला तर उलटं होतं, आकडा खोटा कमी येतो. दंडाचा घेर साधारण २२ ते २६ सेंटिमीटर असेल तर लहान आकाराचा पट्टा लागतो. म्हणजे अशा भागात खोट्या वाढीव बीपीइतकीच लपून राहिलेल्या बीपीचीही भीती आहे. १३८ दिसतंय, ठीक आहे, असं म्हणून जिला घरी पाठवलं, ती कदाचित ठीक नसते.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. त्या पोटात जातात का? युरोपात औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांची लघवी तपासून औषधाचा अंश शोधला गेला, तेव्हा काही ठिकाणी जवळपास निम्म्या लोकांनी गोळ्या नीट घेतल्याच नव्हत्या. तिथे ही गत, तर इथे वेगळं काय असणार? पण इथली कारणं वेगळी आहेत. दिवाळीनंतर भात निघाला की घरंच्या घरं कुलूप लावून गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. महिन्याच्या गोळ्या हरसूलला मिळालेल्या, आणि मुक्काम बागेतल्या झोपडीत. गोळ्या संपल्या की संपल्या. होळीला माणूस परत येतो तेव्हा बीपी १८० असतं, केसपेपरवर तीन औषधं लिहिलेली असतात, आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं तर सगळे मान डोलावतात. ‘मागच्या आठवड्यात किती दिवस राहून गेल्या?’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं. स्थलांतराला निघण्यापूर्वी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि उपचाराचं कार्ड हातात देणं हा यावरचा खरा इलाज आहे, आणि तो कोणत्याही नव्या औषधापेक्षा स्वस्त आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: बीपीच्या गोळ्यांशिवाय आणखी काय काय घेता?

जुलैत आवणी सुरू होते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. मग दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नाव काहीही असो, ही सगळी एका जातीची औषधं. ती मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, आणि टेल्मिसार्टन नि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. आवणीच्या दिवसांत घाम गळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र पोटात गेली, तर मूत्रपिंड अचानक बंद पडण्याचाही धोका असतो. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ या तिकडीला फार घाबरतात. रुग्ण मात्र दुखण्याच्या गोळीला औषध म्हणून मोजतच नाही, त्यामुळे ‘कोणती औषधं चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात ती कधी येत नाही. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण रोज पूर्ण मात्रेत घेतली तर तीही बीपी थोडं वाढवू शकते.

त्याहून वाईट म्हणजे पुडी. सांधेदुखीवर ‘जडीबुटीची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत आणि गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं भारतात वेळोवेळी सापडलं आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक वाढते, चेहरा भरतो, म्हणून पुडीची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोटावर जांभळट रेघा उमटतात, हातापायांच्या काड्या होतात, साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये पिट्युटरी ग्रंथीच्या बारीक गाठींमुळे होणारं हेच चित्र मांडलं होतं. त्या गाठी दुर्मीळ आहेत, पुड्या दुर्मीळ नाहीत. आणि अशी पुडी एका दिवसात बंद करायची नसते. अंगाची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची सवय गेलेली असते. अचानक बंद केली तर रुग्ण कोसळू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

घशासाठी चघळायचं ज्येष्ठमधही या यादीत बसतं, हे अनेकांना पटत नाही. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर अडवतं आणि कॉर्टिसोल तिथे अल्डोस्टेरॉनसारखं वागू लागतं. मीठ अडतं, पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. खोकल्यापुरती दोन-चार दिवस एखादी काडी चघळली तर काही होत नाही. महिनोन्महिने रोज काढा घेतला तर होतं. सर्दीच्या गोळ्या आणि नाक मोकळं करणारे थेंब, गर्भनिरोधक गोळ्या, आणि नियमित भरपूर दारू, मग ती मोहाची असो की बाटलीतली, हे सगळं इथेच विचारायचं. जेवणातल्या मिठाबद्दलही विचारायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. नागलीच्या भाकरीत फारसं मीठ नसतं, ते असतं ठेच्यात, आणि पावसाळ्यासाठी बाजारातून आणून ठेवलेल्या सुकट-बोंबलांत. औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात मीठ कमी केल्याने पडणारा फरक साध्या रक्तदाबापेक्षा मोठा असतो, कारण अशा बहुतेक रुग्णांच्या अंगात मीठ-पाणी साठलेलं असतं.

एवढं सगळं नीट तपासूनही बीपी चढंच राहिलं, तर शरीरातलं कारण शोधायचं. सुरुवात नेहमी मूत्रपिंडापासून. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र जन्मायच्या साठ वर्षं आधी, आकसलेली मूत्रपिंडं आणि जाड झालेलं हृदय यांची सांगड घातली होती. मूत्रपिंड बिघडलं की बीपी वाढतं, बीपी वाढलं की मूत्रपिंड आणखी बिघडतं, आणि आधी काय झालं हे उशिरा आलेल्या रुग्णात सांगणं अवघड. लघवीला फेस येतो का, सकाळी डोळ्यांखाली सूज असते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे प्रश्न फुकट आहेत. लघवीत बुडवायची पट्टी काही रुपयांची आहे. प्रथिन दिसलं की क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी.

या भागात मूत्रपिंड दुखावण्याची दोन कारणं शहरी पुस्तकांत मागच्या पानावर असतात. एक खरूज. आश्रमशाळेत मुलं दाटीवाटीने झोपतात, एकाची खरूज सगळ्यांना होते. खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरले, तर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजतो, लघवी चहाच्या रंगाची होते, आणि आठ-दहा वर्षांच्या पोराचं बीपी चढतं. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण लहान मुलाचं बीपी कोणी मोजलंच नाही तर झटका येईपर्यंत कळत नाही. दुसरं कारण साप. भाताच्या खाचरात घोणस चावून वाचलेल्या माणसाचं मूत्रपिंड त्या वेळी बंद पडून पुन्हा चालू झालेलं असतं. घरच्यांच्या दृष्टीने तो बरा झाला. पण अशा काहींना पुढे काही वर्षांनी मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि रक्तदाब गाठतो. म्हणून या पट्ट्यात ‘कधी साप चावला होता का?’ हा बीपीच्या केसपेपरवरचा प्रश्न असायला हवा.

मूत्रपिंड धडधाकट, पण त्याला रक्त नेणारी रोहिणी अरुंद, असंही असतं. क्लीव्हलंडमध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीवर चिमटा बसवून ती थोडी आवळली, आणि कुत्र्याचं बीपी कायमचं चढलं. रोहिणी अरुंद झाली की मूत्रपिंडाची गत कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यासारखी होते. धरण भरलेलं असलं तरी त्याच्या वाट्याला पाणी येत नाही, म्हणून तो दुष्काळ पडल्याची ओरड करतो. ही ओरड म्हणजे रेनिन. स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी १८९८ मध्येच सशाच्या मूत्रपिंडातून ते काढलं होतं, पण गोल्डब्लाटच्या प्रयोगापर्यंत कोणी फारशी दखल घेतली नाही. नंतर डॉक्टर दुसऱ्या टोकाला गेले. एका बाजूचं मूत्रपिंड लहान दिसलं की काढून टाकायची लाटच आली, आणि त्यातल्या बहुतेकांचं बीपी होतं तिथेच राहिलं. कारण सापडणं आणि ते कारण खरंच दोषी असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजही म्हाताऱ्या, सिगारेट-बिडी ओढणाऱ्या माणसांत चरबीने अरुंद झालेली रोहिणी स्टेंट घालून उघडली तरी औषधांपेक्षा सरसकट जास्त फायदा होत नाही, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

तरुण बायकांची गोष्ट मात्र निराळी. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र माळ पाहिली. अशाच रुग्णांच्या मनगटावर नाडी लागत नाही, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या अरुंद होत जाण्याचा हा विकार आशियात जास्त दिसतो. भारतात तो अनेकदा पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या रोहिण्या धरतो, त्यामुळे इथे त्याची पहिली खूण बऱ्याचदा रक्तदाब हीच असते. वीस-पंचवीस वर्षांची बाई, बाळंतपण होऊन गेलेलं, बीपी २००, आणि ‘गरोदरपणात वाढलं होतं ते उतरलंच नाही’ अशी हकिकत ऐकली, की दोन्ही मनगटांवर एकाच वेळी बोटं ठेवायची. दोन्ही दंडांत बीपी मोजायचं. वरच्या आकड्यात वीसचा फरक म्हणजे पुढे तपासलंच पाहिजे. बेंबीच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून फुसफुस ऐकू येते का पाहायचं. यातला चकवा असा, की दोन्ही हातांच्या रोहिण्या बंद होत आल्या असतील तर दंडात बीपी ९० दिसतं आणि आतल्या महाधमनीत २२० असतं. अशा वेळी मांडीला मोठा पट्टा बांधून पायात मोजल्याशिवाय खरं कळत नाही.

पायात मोजण्याचा दुसरा उपयोग किशोरवयीन मुलांत होतो. महाधमनी जन्मतःच छातीत एका ठिकाणी आवळलेली असेल तर हातात बीपी जास्त, पायात कमी, आणि जांघेतली नाडी मंद, उशिरा लागणारी. एरवी पायातलं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्तच असतं. हे ओळखायला दोन बोटं आणि अर्धं मिनिट लागतं.

टेल्मिसार्टनबद्दल इथेच सांगून टाकतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या रोहिण्या अरुंद असतील तर हेच औषध मूत्रपिंडाचा उरलासुरला दाब काढून घेतं. म्हणून ते सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन पुन्हा बघायचं असतं. ते एकदम वाढलं तर रोहिण्यांच्या दोषाची शंका घ्यायची. गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही, त्यामुळे तरुण बाईला देताना तो प्रश्नही आधी विचारायचा.

आता त्या कारणाकडे, जे न जुमानणाऱ्या रक्तदाबात बऱ्याचदा सापडतं आणि फार कमी वेळा शोधलं जातं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवतात. ते लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी १९५३ मध्ये वेगळं केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मिशिगनला जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. कित्येक वर्षं तिच्या पायातली शक्ती अधूनमधून जायची, हातांना वांब यायचे, बीपी चढलेलं, आणि रक्तातलं पोटॅशियम तळाला. कॉन यांनी तिला महिनोन्महिने वॉर्डात ठेवून घाम, लाळ, लघवी मोजली आणि ठरवलं, की ग्रंथी जरुरीपेक्षा खूप जास्त अल्डोस्टेरॉन ओतत असली पाहिजे. शस्त्रक्रियेआधीच त्यांनी या नव्या विकाराची मांडणी भर सभेत केली. डिसेंबर १९५४ मध्ये पोट उघडलं तेव्हा उजव्या ग्रंथीवर खरोखरच गाठ निघाली. ती काढल्यावर बाई बरी झाली.

कॉन पुढे म्हणू लागले, की साधा समजल्या जाणाऱ्या रक्तदाबातही हा विकार मोठ्या प्रमाणावर लपलेला असणार. त्यांच्या हयातीत ते बहुतेकांना अतिशयोक्त वाटलं. आज न जुमानणाऱ्या रक्तदाबाच्या दर पाच रुग्णांमागे साधारण एकात तो सापडतो. घोटाळा झाला तो पोटॅशियममुळे. कॉन यांच्या पहिल्या रुग्णात ते फार कमी होतं, म्हणून पोटॅशियम कमी असेल तरच हा विकार शोधायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत ते ठीकच असतं. खरी तपासणी म्हणजे रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२५ मध्ये तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णात ती एकदा करावी अशी शिफारस केली. ही तपासणी हरसूलला होणार नाही, नमुना नाशिकला किंवा पुढे जाणार. पोटॅशियमचाही नमुना पाठवताना एक साधी गोष्ट सांभाळायची: उन्हात, घाटातल्या हादऱ्यांनी रक्तपेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि कमी असलेला आकडा नेमका ‘नॉर्मल’ दिसतो.

आणि तपासणी शक्यच नसेल तर? तरीही मार्ग आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या पाथवे-२ चाचणीत तीन औषधांवर असलेल्या रुग्णांना चौथं औषध म्हणून आळीपाळीने वेगवेगळ्या गोळ्या देऊन पाहिल्या. अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन बाकीच्यांना मागे टाकून पुढे निघाली. गोळी जुनी आणि स्वस्त आहे. ती पोटॅशियम वाढवते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत रक्त तपासल्याशिवाय देऊ नये. पुरुषांच्या छातीला सूज येऊ शकते, हे आधी सांगावं, नाहीतर तो लाजून गोळी सोडतो आणि कारणही सांगत नाही.

अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात वाढणारी, अ‍ॅड्रेनालिनचा पूर सोडणारी गाठ परीक्षेत हमखास विचारली जाते, प्रत्यक्षात हजार रक्तदाब रुग्णांत दोन-पाच जणांनाच असते. अचानक डोकं ठणकणं, दरदरून घाम, धडधड, पांढराफटक चेहरा, आणि अर्ध्या तासात सगळं ओसरलेलं. शहरात याला पॅनिक अटॅक म्हणतात, पाड्यावर भगताला बोलावतात. झटका चालू असताना बीपी मोजलं की निदानाची वाट सापडते. १९२६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशी गाठ काढली, तेव्हा ती काय आहे हे त्यांनाही आधी माहीत नव्हतं.

हाच अ‍ॅड्रेनालिनचा पूर महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी अगदी वेगळ्या वाटेने ओळखला. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर लाल विंचवाचे रुग्ण बघत होते. घाम, थंड पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून, दर काही मिनिटांनी बीपी मोजून त्यांनी ही साखळी लिहून काढली, आणि रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाचीच गोळी द्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि विंचूदंशाचे मृत्यू खूप घटले. ग्रंथीच्या गाठीतही शस्त्रक्रियेआधी याच जातीचं औषध द्यावं लागतं. आरोग्य केंद्रातून काय होणार, असं म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरे.

झोपेत श्वास अडकणं हे जगभर न जुमानणाऱ्या रक्तदाबाचं फार मोठं कारण आहे. रात्री ढाराढूर घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकून उठणं, दिवसा डुलक्या. याचा साक्षीदार रुग्ण नसतो, त्याची बायको असते, म्हणून तिला आत बोलवावं. जाड माणसांत हे जास्त, पण हनुवटी मागे गेलेल्या बारीक माणसांतही होतं. उपचाराचं यंत्र रात्रभर विजेवर चालतं, आणि पावसाळ्यात डोंगरातल्या विजेचा भरवसा काय सांगावा? शिवाय यंत्राने बीपी सरासरीने थोडंच उतरतं. थायरॉइडचं रक्त मात्र जरूर तपासावं. ते स्वस्त आहे, आणि थायरॉइड मंदावल्याने खालचा आकडा वाढलेला असेल तर एका गोळीने फरक पडतो.

कारण शोधण्याची सवय मागे का पडली, याचं उत्तर गोळ्यांच्या यशात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, आणि जगाला रक्तदाबावर परिणामकारक औषध असू शकतं हे पटलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. वकील यांच्या लेखापूर्वी बीपी वाढलेल्या माणसाला डॉक्टर देऊ शकत होते ते फार थोडं: आळणी भात, विश्रांती, किंवा मज्जातंतू कापण्याची भयंकर शस्त्रक्रिया. पुढे दर दशकात नवी गोळी आली, आणि आकडा उतरतोय ना, मग कारण कशाला, ही वृत्ती तयार झाली. बहुसंख्य रुग्णांसाठी ती योग्यच आहे. चाळिशीच्या आत सुरू झालेलं बीपी, अचानक चढलेलं, किंवा तीन औषधांनाही न हलणारं बीपी मात्र त्या बहुसंख्यांतलं नसतं.

कारण सापडलं की गोळ्या कायमच्या सुटतात, अशी आशा मात्र कोणाला दाखवू नये. अल्डोस्टेरॉनची एका बाजूची गाठ काढल्यावर संप्रेरक जवळपास सगळ्यांत ताळ्यावर येतं, पण गोळ्या पूर्ण बंद होतात त्या तिघांतल्या साधारण एकाच्या. बाकीच्यांच्या चारच्या दोन होतात. वय कमी आणि बीपी झाल्याला थोडीच वर्षं झालेली, अशांना जास्त फायदा होतो, म्हणून उशीर महागात पडतो.

तुमच्या घरात कोणाचं बीपी तीन गोळ्यांनीही उतरत नसेल, तर हे वाचून त्यातली एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं, दुखण्याच्या गोळ्या, पुड्या, काढे, मिश्रीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि दोन्ही दंडांत, एकदा पायातही, बीपी मोजायला सांगा.